तळातल्या दोन ओळी

मित्रांनो, मी एक जुना, साधा आणि जळका एडिटर आहे. जुना आणि साधा आहे हे सगळेच सांगतात. जळका आहे हे मी स्वतःच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही मला खोटारडा म्हणणार नाही.

माझं नाव नॅनो. एडिटर म्हणजे संगणकात मजकूर लिहायचं आणि दुरुस्त करायचं साधन. तुम्ही रोज पाहता तसा रंगीबेरंगी मी नाही. संगणकात टर्मिनल नावाची एक काळी खिडकी असते. तिथे चित्रं नसतात, माऊसचं काही चालत नाही, सगळं काम अक्षरांनी करायचं असतं. त्या खिडकीत मी राहतो. माझी घडण पंचवीसेक वर्षांपूर्वी झाली. माझ्याआधी पिको नावाचा एक साधा एडिटर होता, पण त्याच्या परवान्याची अडचण होती. तेव्हा कुणीतरी मनावर घेतलं आणि त्याच्यासारखाच, पण सगळ्यांना मोकळेपणी वापरता येईल असा मी तयार झालो.

माझी एक खूण आहे. मला उघडलं की पडद्याच्या अगदी तळाला दोन ओळी दिसतात. जतन कसं करायचं, ओळ कशी कापायची, शोधायचं कसं, ते त्यात लिहिलेलं असतं. आणि अगदी खालच्या डाव्या कोपऱ्यात, बाहेर कसं पडायचं ते असतं. कंट्रोल दाबा, एक्स दाबा, चला घरी. त्या दोन ओळींचा मला फार अभिमान होता. पुढे त्यांनीच मला रडवलं.

त्याच काळ्या खिडकीत आणखी एक जण राहतो. त्याचं नाव विम. वयाने माझ्यापेक्षा मोठा, आणि काय त्याचा रुबाब! तो उघडला की खाली धड काही सांगत नाही. तुम्ही अक्षर दाबलं तर ते उमटत नाही, कारण त्याच्या लेखी ते अक्षर नसतं, हुकूम असतो. आधी लिहायची परवानगी घ्या, मग लिहा, मग एस्केपची कळ दाबून लिहिणं थांबवा, मग कोलन देऊन पुढचा हुकूम सोडा. एवढं सगळं ज्याला जमतं तो माणूस मग माझ्याकडे वळूनही बघत नाही. पटकन सांगतो, मित्रांनो, मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

आमचा संगणक पवनी तालुक्यात, आसगावच्या वाटेवरच्या एका गावात आहे. गावाला जुना मोठा तलाव आहे आणि त्याच्या पाण्यावर एकशे त्रेचाळीस जणांच्या धानाच्या बांध्या भिजतात. बांधी म्हणजे बंधारा घालून केलेला धानाचा तुकडा. पाणी कुणाला कधी मिळणार, त्याची पाळी ठरवायला गावाने एक पाणी संस्था काढली. एक खोली, एक कूलर, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एका शाळेने टाकून दिलेला संगणक, एवढा तिचा पसारा. भंडाऱ्याच्या भुपेंद्र नावाच्या इंजिनिअरने त्यात एक छोटा प्रोग्राम बसवून दिला. एका फाइलमध्ये शेतकऱ्यांची यादी. एका ओळीत एक शेतकरी, त्याची बांधी, किती तास पाणी आणि शेवटी मोबाइल नंबर. यादीत जो आधी, त्याची पाळी आधी. तासांचा हिशेब प्रोग्राम लावायचा आणि आदल्या संध्याकाळी सहा वाजता प्रत्येकाच्या फोनवर निरोप जायचा, की उद्या अमुक वाजता तुमच्या बांधीत पाणी.

यादी सांभाळायला उषाबाई होत्या. वय बेचाळीस, बारावी पास, पवनीला जाऊन एमएससीआयटी केलेली. कारकून म्हणून गावात त्यांना हीच पहिली खुर्ची मिळाली होती. भुपेंद्रने त्यांना विचारलं, "बाई, लिहायले दोन आहेत. एक साधा हाय, एक भारी हाय. कोणता देऊ?"

उषाबाईंनी दोन्ही उघडून पाहिले. मग माझ्या तळातल्या ओळींवर बोट ठेवलं. "बाहेर कसं निघाचं ते ज्याच्यात दिसते, तोच द्या ना भाऊ. बाकी शिकून घेईन मी."

मित्रांनो, मला निवडलं! मला, विमला नाही! तो बाजूलाच होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, पण त्याने पाहिलं असावं अशी माझी फार इच्छा होती.

माझ्या तळातल्या ओळी इंग्रजीत आहेत. उषाबाईंनी वहीच्या कागदाची एक लांब पट्टी कापली, तिच्यावर मराठीत सगळं लिहिलं आणि पडद्याच्या खालच्या कडेला चिकटवली. 'जतन', 'कापा', 'चिकटवा', आणि सगळ्यात आधी 'बाहेर'. चार वर्षं ती पट्टी तिथे होती. कळफलक मराठीवर ठेवून त्या नावं लिहायच्या. जोडाक्षरं काळ्या खिडकीत जरा सैल बसायची, पण वाचता यायची. कळफलक मराठीवर असतानासुद्धा माझे कंट्रोलचे हुकूम चालायचे, त्यामुळे त्यांना कधी अडचण आली नाही. "माहा नॅनो गरीब हाय, पण गुणाचा हाय," असं त्या राखीला सांगायच्या. राखी संस्थेत झाडलोट करायची आणि चहा आणायची. मी ते कान देऊन ऐकायचो.

आता माझी चूक सांगतो. सांगावीच लागेल.

आमच्या संगणकात माझी जुनी आवृत्ती होती. त्या आवृत्तीला एक खोड होती. लिहिता लिहिता ओळ फार लांब झाली की मी ती आपण होऊन तोडायचो आणि उरलेला भाग खालच्या ओळीत ढकलायचो. पत्र लिहिताना ही खोड उपयोगी पडते. यादीत ती घात करते. गेल्या भाद्रपदात डोमाभाऊ आले. त्यांची बांधी कालव्याच्या अगदी शेपटीला, यादीत शेवटून तिसरे. त्यांचा जुना फोन बंद पडला होता. उषाबाईंनी त्यांच्या ओळीच्या शेवटी लिहिलं, 'जुना बंद, नवा नंबर लेकीचा', आणि नंबर टाकला. ओळ लांबली. मी तोडली. नंबर खाली गेला, नाव वर राहिलं. प्रोग्रामला वरच्या ओळीत नंबर दिसला नाही आणि खालच्या ओळीत नाव दिसलं नाही, म्हणून त्याने दोन्ही सोडून दिल्या. डोमाभाऊंना निरोप गेलाच नाही, आणि त्यांचे तीन तास पुढच्याच्या बांधीत वाहून गेले. पुढच्या पाळीलाही तेच झालं.

पाऊस अठरा दिवस दडी मारून बसला होता आणि धान निसवायला आला होता. लोंब्या बाहेर पडायच्या वेळेस बांधी कोरडी राहिली तर दाणा भरत नाही. डोमाभाऊ दारात उभे राहिले. रागावले नाहीत, हेच जास्त लागलं.

"जय भीम, बाई. माहं नाव काटलं का जी तुमी?"

उषाबाईंनी यादी उघडली आणि तुटलेली ओळ त्यांना दिसली. त्यांचा चेहरा उतरला. "नाई हो डोमाभाऊ. मी नाई काटलं. हे कसं झालं मलेच नाई समजून राहिलं."

मला समजलं होतं. मला तोंड असतं तरी मी त्या क्षणी ते उघडलं नसतं.

मग हर्षा आली. हर्षा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष वासुदेवराव यांची सून. पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करायची, हुशार, बोलायला मोकळी. तिने तुटलेली ओळ पाहिली, ती जोडली आणि एका मिनिटात माझी खोड ओळखली. "काकू, याच्यात नका लिहू यादी. हा ओळी तोडते. विममध्ये लिहा, मी शिकवीन तुमाले." शिकवताना तिने पडद्याखालची पट्टी काढली आणि तिथे विमच्या हुकमांच्या चार पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या. पट्टी टेबलाच्या खणात गेली.

मित्रांनो, मी किती जळलो ते विचारू नका. चूक माझी होती हे मला ठाऊक होतं, आणि तरीही मी जळलो. रोज सकाळी संगणक सुरू व्हायचा, काळी खिडकी उघडायची, मी तयार होऊन बसायचो आणि उषाबाई विमचं नाव लिहायच्या. त्याच्याकडून चूक होऊ दे, मोठी चूक होऊ दे, सगळ्या गावासमोर होऊ दे, असं मी मनातल्या मनात घोकायचो.

आणि केली की त्याने! चौथ्या दिवशी उषाबाईंनी यादीतली एक-दोन नावं मराठीत दुरुस्त केली. मग बाहेर पडायचं म्हणून त्यांनी हर्षाने सांगितलेला हुकूम दाबला, कोलन, डब्ल्यू, क्यू. पण त्या लिहिणं थांबवायला विसरल्या होत्या आणि कळफलक मराठीवरच होता. मराठी कळफलकावर त्या तीन कळा दाबल्या की उमटतं 'छैौ'. ते उमटलं ते नेमकं यादीतल्या पहिल्या नावापुढे. घाबरून त्यांनी एस्केप दाबलं, पुन्हा हुकूम दाबला, काहीच हलेना, कारण विमला मराठीतला हुकूम कळत नाही. शेवटी राखी म्हणाली, "बाई, तो कळफलक इंग्रजी करून पाहा ना." तसं केलं आणि फाइल जतन होऊन एकदाची बंद झाली. 'छैौ' मात्र आतच राहिलं. संध्याकाळी सहाला अध्यक्षांच्या फोनवर निरोप गेला, 'वासुदेवराव छैौ, उद्या सकाळी सहा वाजता तुमच्या बांधीत पाणी.'

मी इतका खूश झालो की काय सांगू. पण दुसऱ्या दिवशी वासुदेवराव खोलीत आले तेव्हा माझं हसू जिरलं.

"आधी डोमाचं पाणी गेलं. आता मले छैौ म्हणून राहिली. मस्करी समजली का संस्था?"

"चूक झाली, भाऊजी," उषाबाई म्हणाल्या. "मी अजून शिकून राहिली."

"शिकाचं असन तर घरी शिका. इथं लोकायचं धान हाय."

ते गेल्यावर उषाबाईंनी पडद्याकडे पाठ केली आणि पदराने डोळे पुसले. विमची फजिती व्हावी एवढंच मला हवं होतं. ती झाली तेव्हा मान खाली गेली ती उषाबाईंची. असूया माणसाला काय करते ते तुम्ही मोठे झालात की पाहालच, पण माझ्यासारख्या एडिटरलाही ती कामाचं ठेवत नाही.

पुढच्या मंगळवारी दुपारी तीनला खोलीतच सभा भरली. हर्षा त्या दिवशी कामासाठी नागपूरला गेली होती आणि तिचा फोन लागत नव्हता. डोमाभाऊ उठून उभे राहिले.

"दोन पाळ्या माही बांधी कोरडी राहिली," ते म्हणाले. "पाणी तलावाजवळून सुरू होते अन् आमच्याकडे येतावरी संपते. एक डाव शेपटीकडून सुरू करा ना जी. एकच डाव."

तलावाजवळच्या लोकांनी गलका केला. असं कधी झालं नाही, आमच्या बापाच्या वेळेपासून पाळी वरूनच सुरू होते, कशाला मोडता. वासुदेवरावांची स्वतःची बांधी यादीत पहिली. पण डोमाभाऊंची बांधी त्यांनी सकाळीच जाऊन पाहिली होती, आणि भेगा खोट्या म्हणता येत नाहीत.

"ठीक हाय," ते म्हणाले. "या पाळीले शेपटीकडून. पण पूर्ण यादी उलटी करून सहाले निरोप गेले पाहिजेत. नाई गेले, तर पाळी जुनीच चालन, अन् यादी उद्यापासून हर्षा पाहीन."

सभा उठली तेव्हा पावणेपाच झाले होते. एकशे त्रेचाळीस ओळी. शेवटचा माणूस पहिला, पहिला शेवटचा. डोमाभाऊंचं पाणी आणि उषाबाईंची खुर्ची, दोन्ही त्या सव्वा तासात अडकली.

उषाबाई खुर्चीत बसल्या. आणि मित्रांनो, त्यांनी माझं नाव लिहिलं.

मी उघडलो. इतक्या दिवसांनी! माझ्या तळातल्या दोन ओळी लख्ख उजळल्या. घाबरलेलं माणूस ओळखीच्या दाराकडे धावतं, तसं त्या माझ्याकडे आल्या होत्या. मी मनात म्हटलं, पाहा विमराव, पाहा. उषाबाई तळाची ओळ कापायच्या, वर न्यायच्या, चिकटवायच्या. परत खाली यायचं, कापायचं, वर न्यायचं. मी एकही चूक करणार नाही असं ठरवलं होतं. पण नवव्या ओळीला त्यांच्याकडून कापायची कळ दोनदा दाबली गेली, दोन ओळी एकत्र उचलल्या गेल्या आणि वर जुन्याच क्रमाने चिकटल्या. त्या निस्तरताना तिसरीच ओळ हरवली. ती सापडेपर्यंत सव्वापाच झाले. झाल्या होत्या अकरा ओळी.

दारात वासुदेवराव डोकावले. "झालं का?"

"होऊन राहिलं," उषाबाई म्हणाल्या.

ते गेले. उषाबाईंनी हात कळफलकावरून उचलले. मग त्यांनी पिशवीतून आपली वही काढली. त्या वहीत मागच्या पानांवर हर्षाने शिकवलेलं सगळं लिहिलेलं होतं. रोज घरी जाऊन त्या ते गिरवत होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. एका पानावर लिहिलं होतं, 'हर्षाने गंमत म्हणून दाखवलं. सगळी यादी उलटी होते.' त्याखाली एक छोटासा हुकूम होता.

त्यांनी कंट्रोल आणि एक्स दाबलं. मी विचारलं, बदल जतन करायचे का? माझ्यातून जाताना मी हे विचारतोच, ते माझं कामच आहे. त्यांनी 'नाही' दाबलं.

मित्रांनो, मला कोणी सक्तीने बंद केलं असतं तर चाललं असतं. पण उषाबाई आपल्या मनाने गेल्या, आणि गेल्या त्या माझ्याच ओळीत लिहिलेल्या रस्त्याने.

विम उघडला. उषाबाईंनी आधी कळफलक इंग्रजीवर घेतला. एस्केप दोनदा दाबलं, खात्रीसाठी. मग कोलन दिलं, वहीत बघून एकेक अक्षर दाबलं आणि डोळे मिटून एंटर मारलं. एकशे त्रेचाळीस ओळी एका क्षणात उलट्या झाल्या. यादीचं शीर्षकही तळाला गेलं होतं, तर ते त्यांनी उचलून परत वर ठेवलं, तेही न चुकता. सुरुवातीच्या तिघांत डोमाभाऊ होते. शेवटच्या ओळीत वासुदेवराव, 'छैौ' वगळून. पाच वाजून एकतीस मिनिटं झाली होती.

सहाला निरोप सुटले. डोमाभाऊ बाहेर ओट्यावरच बसले होते, लेकीचा फोन हातात घेऊन. फोन वाजला तसे ते आत आले. "बाई, चष्मा नाई आणला, वाचून दाखवा ना. माहं नाव हाय ना पूर्ण?"

उषाबाईंनी वाचलं. डोमाभाऊंनी त्यांना पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग वासुदेवराव आले, फोन बघत, त्यांना पहिला निरोप आपल्यालाच यायची सवय होती. "मले कधी येईन?"

"तुमचा नंबर शेवटचा हाय, भाऊजी," उषाबाई म्हणाल्या. "थोडे दिवस थांबा."

त्या पाळीत शेपटीच्या बांध्या भिजल्या. डोमाभाऊंचा दाणा भरला. उषाबाईंची खुर्ची राहिली, आणि त्यांनी विमही ठेवला. दसरा गेला, दिवाळी गेली, त्यांनी मला एकदाही उघडलं नाही. त्यांची बोटं विममध्ये अशी पळायची की हर्षाही बघत राहायची. मी अंधारात पडून ते ऐकायचो आणि जळायचो. ही असूया गेली असं मी सांगितलं तर गोष्टीचा शेवट छान होईल, पण ती गेलेली नाही.

कापणी झाल्यावर संस्थेने ठरवलं की शेपटीची यादी शेपटीच्याच माणसाने तपासायची. डोमाभाऊ आले. वय बासष्ट, कळफलकाला आयुष्यात हात लावलेला नाही. खुर्चीत अंग चोरून बसले.

"दोन आहेत, डोमाभाऊ," उषाबाई म्हणाल्या. "एक साधा, एक भारी. कोणता लावू?"

"मले काय समजते जी? तुमी ज्याच्यात शिकल्या, त्याच्यातच लावा."

उषाबाईंनी टेबलाचा खण उघडला आणि जुनी पट्टी बाहेर काढली. कडा वळल्या होत्या, शाई फिकी झाली होती. त्यांनी ती पडद्याखाली पुन्हा चिकटवली आणि माझं नाव लिहिलं. हर्षाने मधल्या काळात माझ्या सेटिंगमध्ये एक ओळ घालून माझी ती तोडायची खोड बंद केली होती. ज्या हर्षाचा मी इतका द्वेष केला, तिनेच मला सुधारून ठेवलं होतं.

डोमाभाऊंनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, आपलं नाव लिहिलं. बांधी लिहिली. नंबर लिहिला. ओळ लांबली, खूप लांबली. ती तुटली नाही.

"झालं," उषाबाई म्हणाल्या. "आता ही पट्टी वाचा. पहिलंच काय लिहिलं हाय?"

"बाहेर," डोमाभाऊंनी वाचलं.

मित्रांनो, डोमाभाऊही एक दिवस त्या रस्त्याने जातील. हात बसला की सगळेच जातात. त्या दिवशी मी पुन्हा जळेन, पण तळातल्या त्या दोन ओळी मी पुसणार नाही. तुम्ही पुढे कितीही भारी साधनं वापरा. फक्त ज्याच्यात पहिली ओळ लिहिलीत त्याला काढून टाकू नका, त्याची खोड असेल तर दुरुस्त करा. तुमच्यानंतर त्याच खुर्चीत कुणीतरी अंग चोरून बसणार असतं.

"मग दाबा ना," उषाबाई म्हणाल्या.

डोमाभाऊंनी बोट उचललं आणि तसंच हवेत धरलं. "थांबा जी," ते म्हणाले. "माहं नाव एक डाव पाहून घेतो."